मागे फिरण्याची वाट : संगणकाच्या गाभ्यातील आवराआवरीचा इतिहास

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अस्सल कागदाशिवाय इतिहास लिहू नये, ही शिस्त त्यानंतर मराठीत रुजली. कागद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोडीचे रुमाल येतात, पुण्याचे पेशवे दप्तर येते. आजच्या काळातही एक दप्तर रोज भरते आहे. त्याची संपूर्ण प्रत कोणालाही फुकट उतरवून घेता येते आणि परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात बसूनही वाचता येते. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, झालेल्या प्रत्येक बदलाची ती नोंदवही आहे. एप्रिल २००५ पासूनची नोंद अखंड आहे आणि आजवर दहा लाखांहून अधिक बदल तीत चढले आहेत. प्रत्येक नोंदीला बदल करणाऱ्याचे नाव, दिवस, वेळ आणि कारण असते. गेल्या दशकभरात तर ‘फिक्सेस’ नावाची एक ओळ रूढ झाली आहे. हा बदल कोणती जुनी चूक दुरुस्त करतो आणि ती चूक नेमक्या कोणत्या नोंदीने आत आली, हे त्या ओळीत लिहितात. स्वतःच्या चुकांची वंशावळ इतक्या निःसंकोचपणे लिहून ठेवणारे दुसरे दप्तर माझ्या पाहण्यात नाही.

मी संगणकशास्त्र महाविद्यालयात शिकलेलो नाही. सी ही भाषा पुस्तकांवरून शिकलो आणि पुढे हे दप्तर वाचून. वाचताना एकाच घराण्यातल्या चुका पुन्हा पुन्हा समोर येऊ लागल्या. काम मध्येच फसले, पण तोवर घेतलेल्या वस्तू परत करायच्या राहिल्या. किंवा परत केलेली वस्तू कुणीतरी पुन्हा वापरली. अशा दुरुस्त्या हजारोंनी सापडतात. गेली पन्नास वर्षे या चुकांचे खापर प्रोग्रामरच्या निष्काळजीपणावर फोडले गेले. कागद वाचून माझे मत निराळे झाले आहे.

आधी गाभा म्हणजे काय ते पाहू. संगणकावर किंवा मोबाइलवर आपण जे प्रोग्राम चालवतो, ते एकमेकांपासून भिंतींनी वेगळे केलेले असतात. त्यातला एक कोसळला तर तेवढाच बंद पडतो. या भिंती उभारण्याचे आणि राखण्याचे काम कर्नल करतो. त्याला स्वतःला मात्र भिंत नसते. गाभ्यात एक चूक झाली की सगळे यंत्र बसते. या गाभ्यातच डिव्हाइस ड्रायव्हर राहतात. कॅमेरा, पडदा, वायफाय, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र, अशा प्रत्येक उपकरणाशी बोलणारा एकेक दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. १९९४ साली लिनक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली तेव्हा सगळा कर्नल पावणेदोन लाख ओळींचा होता. आज तो चार कोटी ओळींच्या आसपास आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. उपकरणे बनवणाऱ्या शेकडो कंपन्यांच्या माणसांनी ते लिहिलेले आहेत आणि पुष्कळांना त्या एका ड्रायव्हरापलीकडचा कर्नल ठाऊकही नसतो.

गाभ्यातला ड्रायव्हर चुकला तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. ते विंडोजचे प्रकरण होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हराने वीस रकाने असलेल्या यादीतला एकविसावा रकाना वाचायला घेतला, म्हणजे आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली. सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले आणि इंडिगोने दोनशेच्या आसपास उड्डाणे रद्द केली. कोणाचा हल्ला नव्हता, कोणाचा डाव नव्हता. एक रकाना मोजायचा चुकला होता.

मेमरी ही अमूर्त वस्तू वाटते, पण आपल्या भागातल्या माणसाला ती जमिनीच्या उदाहरणाने लगेच समजते. प्रोग्राम कर्नलकडे मेमरीचा तुकडा मागतो आणि कर्नल त्या तुकड्याचा पत्ता देतो. हा पत्ता म्हणजे सातबारा. काम संपले की तुकडा परत करायचा. आता समजा, जमीन विकली, फेरफार झाला, नव्या मालकाने पेरणीही केली. पण जुन्या मालकाच्या पेटीत सातबाऱ्याची जुनी प्रत राहिली आणि त्याच्या मुलाने ती दाखवून त्याच शेतात नांगर घातला. परत केलेल्या मेमरीचा वापर म्हणतात तो हाच. तोच तुकडा दोनदा परत केला तर एकच शेत दोघांना विकल्यासारखे होते. आणि परत करायचेच राहिले तर जमीन पडीक राहते. कसणारा नाही, नावावर कोण तेही कळत नाही. पडीक जमिनीने गाव लगेच उपाशी मरत नाही, पण दरवर्षी दोन एकर पडीक पडत गेली तर एक दिवस पेरायला जागा उरत नाही. महिनोन् महिने चालू राहणारे सर्व्हर असेच हळूहळू गुदमरतात.

या तिन्ही चुका सरळ वाटेवर फारशा होत नाहीत. सरळ वाट रोज तुडवली जाते, तिच्यातले खड्डे पहिल्या आठवड्यातच कळतात. चुका होतात त्या मागे फिरण्याच्या वाटेवर.

लग्नाचा मांडव घाला. आधी मेढी पुरतात, मग आडवे बांबू, मग कापड, शेवटी दिवे. दिवेवाला आलाच नाही आणि मांडव उतरवायचे ठरले तर आधी कापड सोडायचे, मग बांबू, मग मेढी उपटायच्या. बांबू बांधतानाच दोर संपला तर फक्त मेढी काढायच्या. कापड सोडायला जाल तर तेथे कापडच नाही. ड्रायव्हर सुरू होताना असेच करतो. मेमरी घेतो, उपकरणाचे पत्ते स्वतःच्या हद्दीत आणतो, घड्याळ चालू करतो, इंटरप्टची तार जोडतो, मग आपले नाव कर्नलकडे नोंदवतो. पाच पायऱ्या असतील तर फसण्याच्या पाच जागा, आणि प्रत्येक जागेवरून मागे फिरण्याची वाट वेगळी. या वाटा लिहिणारा त्या कधी चालून पाहत नाही. त्याच्या टेबलावरचे उपकरण चांगले असते, मेमरी भरपूर असते, घड्याळ दरवेळी चालू होते. दहा वर्षांनी कुठल्या तरी स्वस्त मोबाइलमध्ये ते चालू होत नाही आणि कोणीही न चाललेली ती वाट पहिल्यांदा वापरली जाते.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा त्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. मेमरी घेणे आणि परत करणे हे दोन्ही तिने माणसावर सोडले. त्या काळच्या यंत्रांची ताकद पाहता ते योग्यच होते. पण मागे फिरण्याच्या वाटेसाठी सीमध्ये खास सोय नव्हती. होता तो एक बदनाम शब्द, ‘गोटू’, म्हणजे येथून उडी मारून तेथे जा. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी मार्च १९६८मध्ये गोटूविरुद्ध एक पत्र छापले होते. त्याचे गाजलेले शीर्षक त्यांचे नव्हे, संपादक निकलॉस विर्थ यांनी दिलेले होते. गोटूमुळे प्रोग्राम कुठून कुठे जातो हे वाचणाऱ्याला कळेनासे होते, हा त्यांचा आक्षेप. त्यानंतर वर्गावर्गांतून गोटू हा अस्पृश्य ठरला. १९७४ साली डोनाल्ड कनुथ यांनी एक मोठा निबंध लिहून त्याला काही ठिकाणी मोकळीक दिली आणि चुकीच्या वेळी बाहेर पडणे हे त्यातले एक ठिकाण होते. कर्नलमध्ये आज गोटू अधिकृतपणे मान्य आहे आणि तो मुख्यतः या एका कामासाठीच. फंक्शनच्या तळाशी उलट्या क्रमाने पाट्या लावलेल्या असतात, ‘कापड सोडा’, ‘बांबू सोडा’, ‘मेढी काढा’. जेथे फसले तेथून योग्य पाटीवर उडी मारायची आणि तेथून खाली घसरत यायचे. माझ्या मते सी भाषेत याहून स्वच्छ उपाय नाही. मात्र तो टिकतो सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या स्मरणावर. तीन वर्षांनी दुसरा कोणी येऊन मध्ये एक पायरी वाढवतो, खाली पाटी वाढवायची विसरतो, आणि कोणालाच काही जाणवत नाही.

या विसराळूपणाची पहिली मोजदाद २००१ साली झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉसन एंगलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कर्नल न चालवता नुसता वाचून चुका हुडकणारे प्रोग्राम लिहिले आणि लिनक्सच्या सात वर्षांतल्या एकवीस प्रती तपासल्या. ड्रायव्हरांमधील चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत निघाले. हा निबंध फार गाजला आणि ‘ड्रायव्हरवाले कच्चे’ हा समज त्याने पक्का केला. मात्र दहा वर्षांनी, २०११ मध्ये, फ्रान्समधल्या संशोधकांनी तीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा चित्र बदलले होते. चुकांच्या प्रमाणात ड्रायव्हर आता पहिल्या नंबरावर नव्हते. दुसरा निबंध पहिल्याइतका कोणी उद्धृत करत नाही. समज बनतो तेव्हा पहिला कागद पुरतो, असा आपल्याही इतिहासलेखनातला अनुभव आहे.

या फ्रेंच गटात जुलिया लावाल होत्या. त्यांच्या साधनाचे नाव कॉक्सिनेल. फ्रेंचमध्ये हा शब्द ठिपकेवाल्या लाल किड्याचा आहे, कपाशीवरचा मावा खाणारा आणि शेतकऱ्याचा मित्र समजला जाणारा तो ढालकिडा. चुकीचा एक नमुना लिहून द्यायचा की हे साधन साऱ्या कर्नलमधून त्या नमुन्याच्या जागा काढून देते आणि दुरुस्तीही सुचवते. २०१३ पासून मुलींना व उपेक्षित गटांना कर्नलच्या कामात आणणाऱ्या आउटरीची या उपक्रमात लावाल यांनी अनेकांना हे साधन शिकवले. त्यात भारतीय मुली बऱ्याच होत्या. त्या वर्षांच्या नोंदी वाचताना ‘अमुक ड्रायव्हरातील चुकीच्या वाटेवरील गळती बंद केली’ अशा ओळींखाली आपल्याकडची नावे दिसतात आणि बरे वाटते.

आता ज्या कागदांनी माझे मत बदलले त्यांच्याकडे येतो. कर्नलमध्ये ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ नावाचे एक फंक्शन आहे. झोपलेल्या उपकरणाला जागे करणे हे त्याचे काम. वापरणाऱ्यांची मोजणी ते आधी एकने वाढवते आणि मग उपकरण जागे करायला जाते. जागे करणे फसले तर ते ‘जमले नाही’ असे कळवते, पण वाढवलेली मोजणी तशीच ठेवते. म्हणजे बँकेने कर्ज नामंजूर केले, तरी सातबाऱ्यावर बोजा चढून बसला. तो उतरवायचा अर्ज आता तुम्हीच करा. असे काही असेल हे कोणाच्या मनात कसे यावे? ‘नाही’ म्हटल्यावर माणूस घरी जातो. ड्रायव्हर लिहिणारेही गेले. मोजणी कधी शून्यावर आली नाही, उपकरण पुन्हा झोपले नाही, बॅटरी संपत राहिली. २०२० साली या एका फंक्शनपायी राहून गेलेल्या आवराआवरीच्या दुरुस्त्यांचा पूर आला. त्या वर्षाच्या अखेरीस ५.१० या आवृत्तीत नवे फंक्शन आले, जे फसल्यास मोजणी स्वतःच कमी करते. त्यानंतर जुने काढून नवे बसवण्याचे काम पुढे चालू राहिले. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांतल्या माणसांनी एकच चूक केली असेल, तर ती माणसांची चूक कशी म्हणायची? रस्त्यात एकाच जागी सगळे पडतात तेव्हा गावातले लोक दगड काढतात.

हा दगड काढण्याचा सर्वात मोठा प्रयत्न २००७ साली झाला होता. तेजुन हो हे कोरियन प्रोग्रामर हार्ड डिस्कच्या ड्रायव्हरांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आले की या ड्रायव्हरांत सुरुवात फसण्याच्या आणि उपकरण काढण्याच्या वाटा चुकांनी भरल्या आहेत. खालच्या थरातले ड्रायव्हर लिहिणारे सगळे आळशीच असतात, अशी थट्टा त्यांनी आपल्या टिपणात केली आहे. पण आळशी माणसाला सुधारण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी सोय बदलली. ‘डेव्हरेस’ या त्यांच्या व्यवस्थेत, ड्रायव्हर जे जे घेतो त्याची नोंद उपकरणाच्या नावावर होते, आणि सुरुवात फसली किंवा उपकरण निघाले की कर्नल स्वतःच उलट्या क्रमाने सगळे परत करतो. २.६.२१ या आवृत्तीत ती आली. गोटूच्या पाट्या शेकडो ड्रायव्हरांतून गेल्या. मांडववाला आपला मांडव आपणच उतरवू लागला.

पण उलटा क्रम हे सगळ्याचे उत्तर नव्हते. ते दाखवणारा एक कागद पुण्याचा आहे. रेड हॅट कंपनीच्या पुणे कार्यालयात काम करणारे अमित शहा (नावावरून कोणी दचकू नये, हे प्रोग्रामर आहेत) व्हर्टिओ-कन्सोल या ड्रायव्हराचे काम पाहत. एका मोठ्या संगणकाच्या पोटात जे आभासी संगणक चालवतात, त्यांना बाहेरच्या यजमान संगणकाशी बोलण्यासाठी हा ड्रायव्हर दारे पुरवतो, त्यांना पोर्ट म्हणतात. यजमान हे पोर्ट चालू यंत्रातून काढूनही घेऊ शकतो. २०१० सालच्या त्यांच्या एका नोंदीत अडचण थोडक्यात दिली आहे. आतला एखादा प्रोग्राम पोर्ट उघडून बसलेला असताना यजमानाने पोर्ट काढला, तर त्यानंतर त्या प्रोग्रामने काहीही केले तरी गाभा कोसळायचा. पोर्ट गेला म्हणून त्याची मेमरी परत झाली होती, पण प्रोग्रामच्या हातात जुना सातबारा राहिला होता. शहांनी मोजणी बसवली. पोर्ट कितीजणांच्या हातात आहे ते मोजायचे, आणि शेवटचा हात सुटेल तेव्हाच मेमरी परत करायची. वस्तू गेली तरी तिची नोंद, ती धरून बसलेला शेवटचा माणूस उठेपर्यंत जपायची, असा हा व्यवहार.

ही छोटी दुरुस्ती मला मोठी वाटते. आवराआवर कधी करायची याचे उत्तर उपकरणाजवळ नसते, ते वापरणाऱ्याजवळ असते, हे तिच्यात स्पष्ट आहे. डेव्हरेस उपकरण निघाले की आवरतो, वापरणारा उठला की नाही ते पाहत नाही. २०२२ साली डब्लिनच्या परिषदेत लॉराँ पँशार यांनी नेमका हाच आक्षेप घेऊन डेव्हरेसच्या मेमरी-फंक्शनला घातक म्हटले. पुण्याच्या कागदात बारा वर्षांपूर्वी तो प्रश्न एका ड्रायव्हरापुरता सोडवलेला होता. हे ज्ञान दप्तरात होते आणि तरी सार्वत्रिक झाले नाही. सी भाषेत ते साठवायला जागाच नाही. प्रत्येक ड्रायव्हराने ते नव्याने आठवावे लागते.

न आठवल्यास काय होते याचे सर्वात गंभीर उदाहरण अँड्रॉइडचे आहे. अँड्रॉइडच्या मोबाइलमध्ये लिनक्सचाच गाभा असतो, आणि प्रोग्रामांचे एकमेकांशी बोलणे बाइंडर नावाच्या ड्रायव्हरातून चालते. एखादा धागा निवृत्त झाला की बाइंडर त्याची मेमरी परत करी. पण त्या मेमरीतली एक रांग दुसऱ्या यंत्रणेने धरून ठेवलेली असे. पुन्हा तोच जुना सातबारा. मुख्य कर्नलमध्ये ही चूक पूर्वीच दुरुस्तही झाली, पण सुरक्षेचा इशारा म्हणून तिची नोंद झाली नाही आणि कित्येक मोबाइलपर्यंत दुरुस्ती पोहोचलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी जाहीर केले की ही फट प्रत्यक्ष वापरली जात आहे आणि त्यांना मिळालेल्या माहितीनुसार तिचा संबंध एनएसओ या इस्रायली कंपनीशी आहे. त्याच महिन्याअखेरीस भारतात बातमी फुटली की व्हॉट्सॲपच्या कॉल यंत्रणेतली फट वापरून एनएसओच्या पेगासस प्रणालीने काही भारतीयांना लक्ष्य केले होते. त्यात महाराष्ट्रातले वकील आणि कार्यकर्ते होते. ती फट गाभ्यातली नव्हती आणि बाइंडरशी तिचा संबंध नव्हता. पण तीही मेमरीची हद्द ओलांडण्याचीच होती. नागपूरच्या वकिलाच्या खिशातल्या फोनचा आणि हा लेख ज्याविषयी आहे त्या कोरड्या विषयाचा संबंध आहे तो असा.

इथवर चुका नकळत झालेल्या पाहिल्या. २०२१ साली एक वेगळा प्रकार घडला आणि मराठीतल्या म्हणीनेच तो नीट सांगता येतो. वेड पांघरून पेडगावला जाणे. (म्हणीतले पेडगाव बहादूरगडाचे, श्रीगोंदा तालुक्यातले, असे मानतात; आमचे पेडगाव वेगळे. तरी गावाचे नाव सांगितले की समोरचा हसतोच.) अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना पाहायचे होते की कर्नलमध्ये कोणी मुद्दाम फट घुसवू पाहिले तर ती पकडली जाते का. त्यांनी टोपणनावाने किरकोळ दुरुस्त्या पाठवल्या. वरवर त्या चुकीच्या वाटेवरची गळती बंद करणाऱ्या, म्हणजे राहिलेली वस्तू परत करणाऱ्या होत्या. प्रत्यक्षात ती वस्तू पुढे अन्यत्र वापरात असल्याने, परत केल्याने नवी फट तयार होत होती. या दुरुस्त्या मुख्य कर्नलमध्ये शिरण्याआधीच थांबवल्या, असे संशोधकांचे म्हणणे. पण एप्रिलमध्ये त्याच विद्यापीठातून आणखी शंकास्पद दुरुस्त्या आल्यावर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी सगळ्या विद्यापीठाची दारे बंद केली. तेथून आलेले ४३५ बदल नव्याने तपासले गेले. बहुसंख्य बरोबर होते, ३९ सदोष निघाले.

त्या वेळी चर्चा झाली ती नीतीची आणि ती व्हायलाच हवी होती. फुकट राबणाऱ्या माणसांवर त्यांना न सांगता प्रयोग करणे मला तरी अजिबात पटत नाही. पण त्या वादात एक गोष्ट बाजूला राहिली. फसवणुकीसाठी त्यांनी निवडलेली जागा कोणती होती? चुकीच्या वाटेवरची आवराआवर. दुरुस्ती चार ओळींची, कारण पटणारे, आणि ती खरी की खोटी हे ठरवायला तपासणाऱ्याला त्या वस्तूचे सगळे आयुष्य डोक्यात धरावे लागते. प्रामाणिकपणे पाठवलेल्या दुरुस्त्यांतही काही सदोष निघतात ते याच कारणाने. प्रामाणिक चूक आणि अप्रामाणिक चूक कागदावर हुबेहूब सारखी दिसते, अशी ही जागा आहे.

मग आयुष्याचा हिशेब माणसाने डोक्यात धरायचाच नाही, भाषेने धरायचा, हा विचार पुढे आला तर नवल नाही. रस्ट ही भाषा ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये हाती घेतली. ते राहत त्या इमारतीची लिफ्ट प्रोग्राम कोसळून बंद पडली होती, हे निमित्त. मे २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. रस्टमध्ये प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो. दुसऱ्याला दिली की पहिल्याचा हक्क संपतो. उसनी देता येते, पण उसनवारी मालकाच्या आयुष्याहून लांब चालत नाही. मालक निघाला, सरळ वाटेने किंवा फसून, की वस्तू आपोआप परत होते. हे सगळे प्रोग्राम चालण्याआधी कंपायलर तपासतो आणि जुळत नसेल तर प्रोग्राम तयारच करत नाही. फेरफाराशिवाय नांगर उचलू न देणारा तलाठी म्हणा. जेथे अशी हमी देता येत नाही तेथे ‘अनसेफ’ असा शिक्का मारून लिहिणाऱ्याने जबाबदारी स्वतःवर घ्यायची. स्पॅनिश प्रोग्रामर मिगेल ओहेडा यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ या आवृत्तीत रस्टने कर्नलमध्ये पाऊल टाकले. सीवाल्यांनीही उसनवारी केली. २०२३ साली पीटर झाइलस्ट्रा यांनी, नाव हद्दीबाहेर गेले की वस्तू आपोआप परत करणारी सोय सीच्या कर्नलमध्ये आणली आणि तीही आता रुळली आहे.

आकडे रस्टच्या बाजूने आहेत. अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या फटींत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला, असे गूगलने प्रसिद्ध केले. जुना प्रोग्राम फेकून न देता केवळ नवे लिखाण सुरक्षित भाषेत करण्याचा हा परिणाम. तरी कर्नलमधला वाद मिटला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रस्टच्या कामातले एक प्रमुख प्रोग्रामर कंटाळून बाहेर पडले. २०२५च्या आरंभी मेमरीच्या एका मूलभूत भागाला रस्टचा जोड देण्यावरून कडाक्याचे भांडण झाले आणि लिनस टोरव्हाल्ड्स यांना मध्ये पडावे लागले. जुन्या सांभाळकर्त्यांचा विरोध निव्वळ हट्ट होता असे मी म्हणणार नाही. दोन भाषांच्या सांध्यावर काही मोडले तर रात्री जागायचे कोणी, हा त्यांचा प्रश्न खरा होता. पण त्यांच्यातल्या काहींचे ‘सी नीट लिहिता येणाऱ्याला रस्ट कशाला’ हे म्हणणे मात्र दप्तर वाचल्यावर टिकत नाही. सी नीट लिहिता येणाऱ्यांचीच नावे त्या ‘फिक्सेस’च्या ओळींमागे आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये कर्नलच्या प्रमुखांच्या बैठकीत रस्टवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढायचे ठरले. त्याआधी काही दिवस, ६.१८ या आवृत्तीत, बाइंडर ड्रायव्हर रस्टमध्ये नव्याने लिहून दाखल झाला होता. आणि त्याच डिसेंबरात कर्नलमधल्या रस्टच्या नावावर सुरक्षेतली पहिली अधिकृत फट नोंदली गेली. ती या नव्या बाइंडरात सापडली. चूक ‘अनसेफ’ शिक्क्याच्या हद्दीत होती. एक फंक्शन नोंदींची सगळी यादी एकदम उचलून बाजूला घेत होते, कुलूप सोडत होते आणि मग निवांत एकेक नोंद निकाली काढत होते. त्याच वेळी दुसरा धागा त्याच यादीतून आपली नोंद काढू लागला की दुवे बिघडायचे आणि गाभा कोसळायचा. दुरुस्ती थोडक्या ओळींची आहे. यादी उचलायची नाही, मूळ जागीच कुलूप धरून एकेक नोंद काढायची. ज्या फंक्शनात हे घडले त्याचे नाव ‘रिलीज’, सोडून देणे. काम संपल्यावर आवरण्यासाठीच ते लिहिलेले आहे.